नोकरदार शिक्षक आणि पीएच.डी.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कार्यकक्षेत येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार नोकरदार शिक्षकासही अंशकालीन पीएच.डी. करता येते, मात्र संशोधनास पुरेसा वेळ देता येईल, असे नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. संशोधन सल्लागार समिती आराखडा तपासून विषय निश्चित करते व दर सत्रात प्रगतीचा आढावा घेते. मार्गदर्शकाखेरीज किमान २ बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात. मौखिक परीक्षा प्राध्यापक व अन्य संशोधकांना खुली असते. सर्वसाधारण मुदत ३ ते ६ वर्षांची आहे. ‘कल्याणचा इतिहास’ हा विषय या मुदतीत मावणारा नव्हे. कल्याण बंदराचा सतराव्या शतकातील व्यापार मात्र पेलता येईल. विषय नेमका असला, तरच त्याचे समर्थन नेमके होते.