पाहुण्यांचा परिचय हाही एक पाठच : पर्यावरण आणि नकाशाच्या क्षेत्रातली माणसं येतात तरी कुठून?



दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात आपल्या राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. या निमित्ताने शाळेत पाहुणे बोलावले जातात. सूत्रसंचालन करणारे शिक्षक दोन मिनिटांत परिचय वाचतात. त्यात पदव्या, पदं आणि पुरस्कार असतात. मुलं टाळ्या वाजवतात, की परिचय संपला. मोठ्या परिषदांमध्ये बीजभाषण करणाऱ्या तज्ज्ञांचंही असंच होतं.

मला वाटतं, मुलांसाठी खरा पाठ या परिचयातच दडलेला असतो. हा माणूस आधी काय करत होता? कोणाकडून शिकला? इथवर कसा पोहोचला? आजच्या लेखात आपण हेच पाहू या. कारण दहावीचा निकाल लागला की आपल्या गोंदिया जिल्ह्यातले पालक हमखास विचारतात, "सर, पर्यावरणात काही करायचं तर कोणती साइड घ्यायची?" या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, बरं का!

पक्षी आणि जंगलाकडे वळलेली माणसं

सलीम अलींपासून सुरुवात करू. त्यांनी कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि घरच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले. तिथे खाणीचं आणि लाकडाचं काम होतं, पण त्यांचं लक्ष मात्र पाखरांकडे. परत आल्यावर ते प्राणिशास्त्र शिकले. तरीही विद्यापीठाची रीतसर पदवी नाही म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये ते मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आलेल्या लोकांना माहिती सांगायच्या कामावर लागले. पुढे जर्मनीत जाऊन शिकले आणि देशातले सर्वांत मोठे पक्षितज्ज्ञ झाले.

चितमपल्ली सरांचा जन्म १९३२ चा, सोलापूरचा. कोइम्बतूरला वनविद्येचं शिक्षण घेऊन ते वनखात्यात आले. त्यांच्या नोकरीतला महत्त्वाचा काळ आपल्याच नवेगावबांधला गेला. पुस्तकं त्यांनी खूप वाचली, पण जंगल मात्र ते जंगलात राहणाऱ्या माणसांकडून शिकले. पाखरांची, झाडांची लोकांच्या तोंडची नावं त्यांनी टिपून ठेवली. त्यातूनच ‘पक्षीकोश’सारखं काम उभं राहिलं. एक वनाधिकारी २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला तो यामुळेच.

तिसरं नाव पुण्याच्या माधव गाडगीळांचं. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी परिसरशास्त्राला गणिताची जोड देऊन पीएच.डी. केली. पश्चिम घाटावरच्या समितीमुळे त्यांचं नाव घरोघरी पोहोचलं. पण शिक्षकांनी त्यांचं आणखी एक काम लक्षात ठेवावं, ते म्हणजे लोकांची जैवविविधता नोंदवही. गावातल्या माणसांना ठाऊक असलेले प्राणी, झाडं, मासे यांची नोंद गावानेच करायची, ही कल्पना त्यांनी रुजवली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर अशी नोंदवही करणं हे गावपातळीवरच्या समितीचं कामच ठरलं.

नकाशाच्या क्षेत्रातली माणसं

आता भौगोलिक माहितीकडे वळू. मोबाईलवरचा नकाशा बनवणारे सगळे भूगोलाचे किंवा कॉम्प्युटरचेच असतील, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात काय दिसतं?

- १८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलराची साथ आली. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरं नकाशावर टिपली आणि एका पंपाच्या आसपास गर्दी झालेली दाखवली. ते होते डॉक्टर.
- प्रा. पी. आर. पिशारोटी हे भारतातल्या दूरसंवेदनाचे जनक मानले जातात. केरळमधल्या नारळाच्या झाडांना लागलेला रोग हेलिकॉप्टरमधून फोटो घेऊन ओळखण्याचा प्रयोग त्यांनी केला. ते मूळचे हवामानशास्त्रज्ञ आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक.
- जगभर वापरलं जाणारं नकाशाचं सॉफ्टवेअर बनवणारी एझ्री ही कंपनी १९६९ मध्ये जॅक डेंजरमंड आणि त्यांच्या पत्नीने सुरू केली. त्यांच्या आई-वडिलांची रोपवाटिका होती आणि ते शिकले होते भूदृश्य रचना, म्हणजे बाग-परिसराची आखणी.

आपल्याजवळ नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकं, जंगल, पाणी, जमिनीचा वापर यांचे नकाशे बनवण्याचं काम तिथे चालतं. अशा कामाला भूगोल, शेती, भूगर्भ, वनविद्या, संगणक अशा सगळ्याच विषयांची माणसं लागतात.

यातून दिसतं काय?

या सहा जणांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. पण सगळ्यांनी एकच गोष्ट वर्षानुवर्षं बारकाईने पाहिली, पाहिलेलं लिहून ठेवलं आणि जिथे जे मिळेल ते शिकत राहिले. याचा अर्थ शिक्षण नको असा मुळीच नाही. चितमपल्ली, गाडगीळ, पिशारोटी चांगले शिकलेलेच होते. सलीम अलींनाही पदवीअभावी नोकरी नाकारली गेलीच ना! म्हणून पालकहो, पदवी हवीच. पण बारावीला अमुक साइड मिळाली नाही म्हणून दार बंद झालं, असं मुलाला सांगू नका.

आता आपल्या वर्गाकडे पाहू

आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव, मामा तलाव, बोड्या यांवर आपली धानाची शेती उभी आहे. राज्यातले सारस पक्षी मुख्यतः आपल्याच भागात उरलेत आणि ते घरटं बांधतात धानाच्या बांधीतही. सारसाचं घरटं वाचवायचं तर त्या बांधीच्या मालकाला विश्वासात घ्यावंच लागतं.

आपल्या वर्गात ढिवर वस्तीतलं एखादं मूल असतं. मरळ कुठे सापडते, तलावात कोणती वनस्पती वाढली की मासे कमी होतात, हे त्याला घरातच कळलेलं असतं. भागाकार चुकला की आपण त्याला ‘अप्रगत’ म्हणून मोकळे होतो. त्याच्या आजोबांना मात्र आपण कधी वक्ता म्हणून बोलावत नाही. ज्या ज्ञानासाठी मोठे शास्त्रज्ञ गावोगावी फिरले, ते आपल्या शाळेच्या मागच्याच मोहल्ल्यात आहे. मुलाला हे कळलं, तर भागाकार शिकायलाही तो जोर लावेल.

उपक्रम : परिचय आपण लिहू या (इयत्ता ४ थी ते ७ वी)

१. गावातली एक व्यक्ती निवडा. मासेमार, शेतकरी, वनरक्षक, मोहफूल वेचणाऱ्या आजी, तलाठी, कोणीही चालेल.

२. मुलांनी चार प्रश्न विचारावेत. तुम्ही सर्वांत जास्त काय पाहिलं? ते कोणाकडून शिकलात? तुमच्या लहानपणापासून काय बदललं? आम्ही काय शिकायला हवं?

३. उत्तरांवरून दहा ओळींचा परिचय लिहावा. बोलीतले शब्द तसेच ठेवावेत, ‘शुद्ध’ करू नयेत.

४. त्या व्यक्तीने सांगितलेल्या जागा गावाच्या हाताने काढलेल्या नकाशावर दाखवाव्यात. दिशा आणि सूची यांचा सरावही यातच होतो.

५. पक्षी सप्ताहात तोच परिचय वाचून त्या व्यक्तीला बोलायला बोलवावं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांशेजारीच त्यांची खुर्ची ठेवावी.

६. ग्रामपंचायतीकडची जैवविविधता नोंदवही पाहायला मागावी. त्यात नसलेली नावं मुलांनी स्वतःच्या वहीत लिहून समितीला द्यावीत.

पालकांनी घरी एवढंच करावं. मूल तलावावरून किंवा शेतातून आलं, की "अभ्यास सोडून कुठे भटकत होतास?" या प्रश्नाआधी "आज काय पाहिलंस?" हे विचारावं. उत्तर वहीत दोन ओळींत लिहायला लावावं, तारीख टाकून. पुढे ते मूल डॉक्टर होवो, शेतकरी होवो की नकाशे बनवो, ही सवय त्याला उपयोगी पडणारच.