जुने चावीचे घड्याळ भेट देताना

दोन वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) निवृत्त होणाऱ्या एका शिक्षकांना आम्ही चौघांनी वर्गणी काढून जुने चावीचे घड्याळ भेट दिले. डायल लखलखीत, पट्टा नवा. पंधरवड्यात घड्याळ बंद पडले. घड्याळजीने झाकण उघडून दाखविले, तेव्हा मशीन दोन-तीन घड्याळांचे भाग जोडून बनविलेले निघाले; डायलही पुन्हा रंगविलेली होती. पैसे तर गेलेच, पण गुरुजींसमोर मान खाली घालावी लागली. त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कमी खर्चात घ्यायचे तर एचएमटीचा विचार प्रथम करावा. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोर येथे घड्याळे बनविण्यास सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावे घरोघरी पोहोचली. पुढे सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळांनी बाजार काबीज केला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. तरीही जुन्या घड्याळांची संख्या मोठी असल्याने सुटे भाग मिळतात आणि जुन्या कारागिरांना हे मशीन ठाऊक असते.

खरेदीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, डायल. भडक रंग, फिसकटलेली अक्षरे, मिनिटांच्या वाकड्या रेघा दिसल्या तर ती पुन्हा रंगविलेली समजावी. थोडी पिवळसर पण मूळची डायल केव्हाही बरी.

दुसरी, मशीन. झाकण उघडून दाखविण्यास सांगावे. गंज, ओलाव्याचे डाग किंवा घासलेले स्क्रू दिसल्यास घेऊ नये. जनतासारख्या घड्याळात १७ ज्वेलचे मशीन असते.

तिसरी, चाल. चावी पूर्ण भरून मोबाइलच्या वेळेशी मिळवावे व २४ तासांनी पाहावे. एक-दोन मिनिटांचा फरक जुन्या घड्याळात चालून जातो. दहा मिनिटांचा फरक म्हणजे दुरुस्तीचा खर्च.

चौथी, हिशेब. घड्याळाच्या किमतीत सफाई, तेलपाणी आणि पट्टा यांचा खर्च मिळवूनच भाव ठरवावा.

विक्रेत्याला सरळ विचारावे, "काय काय बदलले आहे?" मालाचा ऐब सांगून विकणारा दुकानदारच खरा व्यापारी. तो बदललेले भाग पावतीवर लिहून देण्यास कचरत नाही.

भेट देताना दोन सूचनाही द्याव्यात : चावी रोज ठराविक वेळी भरावी, अडली की थांबावे, आणि वुजू करताना किंवा हात धुताना घड्याळ काढून ठेवावे, कारण जुन्या घड्याळात पाणी सहज शिरते.

शेवटी एक गोष्ट. बाजारात जाण्यापूर्वी घरचे कपाट उघडून पाहावे. अब्बांचे बंद पडलेले घड्याळ तिथेच असेल, तर ते दुरुस्त करून त्यांच्या हातावर बांधावे. त्याहून स्वस्त आणि मोलाची भेट आम्हाला तरी माहीत नाही.