खरी साक्ष

मंडळी, कोर्टाचे नाव काढले की पोटात गोळा येतो. पण साक्षीदाराचे काम तसे साधे आहे. जे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, तेवढेच सांगायचे. कमी नाही, जास्त नाही.

आम्ही वकील. पुष्कळ फौजदारी खटले चालवले. त्यातला एक सांगतो.

बांधावरून भांडण झाले. एकाचे डोके फुटले. घाव मागून बसला, म्हणून मारणारा त्याला दिसला नाही. ज्याच्यावर आळ आला, त्याचे आम्ही वकील. पाहणारा साक्षीदार एकच, शेजारचे म्हातारे बाबा. ते म्हणाले, "यानेच काठी घातली. मी पाहिली."

मग आम्ही उलटतपासाला उभे राहिलो.

"बाबा, त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"गोठ्यात. धार काढत होतो."

"गोठ्याचे दार कुठल्या बाजूला?"

"उगवतीला."

"आणि बांध?"

"मावळतीला."

"मग भिंतीतून काठी दिसली कशी?"

बाबा गप्प झाले. आरोपी सुटला.

बाहेर बाबा भेटले. म्हणाले, "साहेब, ओरडा ऐकून मी भाईर आलो. हा काठी घेऊन पळत होता. एवढंच पाहिलं. पण घरचे म्हणाले, एवढ्यानं भागायचं नाही."

अहो, तेवढेच मोलाचे होते! न्यायाधीश साक्ष सुपात घालून पाखडतात. पण मुख्य दाणाच किडका निघाला, तर विश्वास कशावर ठेवणार? शंका उरली की आरोपी सुटतो. आम्ही जिंकलो, पण त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

1872 सालचा पुराव्याचा कायदा गेला. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पण नियम तोच राहिला. पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगायची.

म्हणून ध्यानात ठेवा:

1. प्रश्न कळला नाही, तर "पुन्हा विचारा" म्हणा.

2. ठाऊक नसेल, तर "ठाऊक नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही.

3. फिर्याद दिलीत तर ती वाचून मगच सही करा. तिची नक्कल फुकट मिळते.

4. तपासात पोलीस साक्षीदाराचा जबाब लिहून घेतात. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते.

5. कोर्टात लिहिलेली साक्ष वाचून दाखवतात. काही चुकले असेल, तर तिथेच सांगा.

आता तुम्हाला वाचता येते. अंगठा उठवायचे दिवस गेले.

सांगा पाहू: बाबांनी कोर्टात काय सांगायला हवे होते?