सहा हजारांचा यो-यो

शिवाजी उद्यमनगर,
कोल्हापूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज ताईने मला पाठवला. दिवाळीचे आणि वाढदिवसाचे साठवलेले पैसे घालून तुला सहा हजारांचा अ‍ॅल्युमिनियमचा यो-यो घ्यायचाय. दाजी म्हणतात, जोतिबाच्या यात्रेत हीच वस्तू तीस रुपयांना मिळते, मग सहा हजार कशाला? मला विचारलंस ते बरं केलंस. यो-यो म्हणजे शेवटी लेथवरचाच जॉब, आणि माझं आयुष्य लेथवर गेलंय.

आधी दाजींचं बघू. खेळणं आहे म्हणून ते स्वस्तच असलं पाहिजे, हे मला पटत नाही. पोरगा क्रिकेट खेळतो म्हटल्यावर इंग्लिश विलोच्या बॅटला दहा हजार मोजताना घरात कोणी हूं का चूं करत नाही. यो-योवर खेळणाऱ्याने तेवढीच मेहनत घेतली तर त्याच्या हातात चांगली वस्तू का नको? पण जादाचे पैसे नक्की कशाचे देतोयस, ते घेण्याआधी तुला नीट कळलेलं असावं.

यात्रेतला यो-यो हातात घेऊन बघ. प्लॅस्टिकच्या दोन वाट्या, मध्ये दांडी, आणि दांडीला गाठ मारून बांधलेला दोरा. खाली टाकला की लगेच वर येतो, दुसरं काही त्याच्याकडून होत नाही. 1928 साली पेद्रो फ्लोरेस या मूळच्या फिलिपिन्सच्या माणसाने कॅलिफोर्नियात यो-योचा कारखाना काढला. त्याच्या यो-योत दोरा बांधलेला नव्हता, आसाभोवती नुसता फास होता. त्यामुळे यो-यो तळाशी जाऊन जागच्या जागी फिरत राहायचा. खेळणारे ज्याला ‘स्लीप’ म्हणतात ते हेच. सगळ्या करामती या फिरण्याच्या वेळात करायच्या असतात, म्हणून तेव्हापासून आजपर्यंतची बरीचशी धडपड ही वेळ वाढवण्यासाठीच झाली.

लाकडी आसावर दोरा घासतो आणि वेग काही क्षणांत मरतो. त्यावर उपाय आपल्या ओळखीचाच, बॉल बेअरिंग. दोरा बाहेरच्या कड्यावर स्थिर राहतो आणि यो-यो आतल्या कड्यासकट फिरतो. 1990 साली टॉम कून या सॅन फ्रान्सिस्कोच्या दंतवैद्याने असा बेअरिंगवाला अ‍ॅल्युमिनियमचा यो-यो विकायला काढला. आज बहुतेक यो-योंत पाव इंच भोकाचं, अर्धा इंच बाहेरच्या व्यासाचं बेअरिंग असतं. बेअरिंगवाले त्याला आर 188 म्हणतात.

दुसरी गोष्ट वजनाची. वस्तू जितक्या ग्रॅमची आहे त्यापेक्षा ते ग्रॅम आसापासून किती लांब आहेत याला जास्त महत्त्व. अंतर दुप्पट केलं तर त्याच वजनाचा फिरण्यातला जोर चौपट होतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये मधली भिंत पातळ ठेवून सगळं वजन कडेला नेता येतं. प्लॅस्टिकची भिंत एवढी पातळ केली तर ती टिकत नाही. काही जण अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर स्टीलचं कडं दाबून बसवतात, तेही याचसाठी.

तिसरी गोष्ट कारागिरीची, आणि इथे मला मनापासून बोलावंसं वाटतं. दोन्ही अर्धे सारख्या वजनाचे हवेत. आसाचा आटा अगदी मध्यावर हवा. डायल लावून बघितलं तर काटा जवळजवळ हलता कामा नये. यातलं काही चुकलं की फिरताना यो-यो थरथरतो, दोऱ्यातून ती थरथर बोटाला कळते आणि वेग लवकर संपतो. हे साधायला सेटिंगला वेळ जातो, काही माल स्क्रॅपमध्ये जातो, आणि त्याचा खर्च किमतीत येतो. हे पैसे प्रामाणिक आहेत, ते देताना हात आखडू नये.

पण आता आधुनिक यंत्रांवर हे काम दीड-दोन हजारांच्या यो-योतही चांगलं होतं. माझा अंदाज असा, की तीस रुपयांपासून तिथपर्यंत प्रत्येक पायरीला खेळ खरोखर बदलतो. तिथून सहा हजारांपर्यंत थोडा बदलतो, आणि तो ज्याचा हात तयार आहे त्यालाच जाणवतो. पुढे टायटॅनियम येतं. ते कापताना उष्णता हत्याराच्या टोकाशीच साचते आणि हत्यारं भराभर झिजतात, म्हणून ते महाग. काँक्रीटवर घासलं की त्याच्यातून ठिणग्या उडतात आणि पोरं त्यावर खूश होतात. ठिणग्यांसाठी पैसे द्यायचे असतील तर द्यावेत, पण आपण ठिणग्या विकत घेतोय हे माहीत असावं. त्याही पलीकडची दुनिया आहे. 2017 साली टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यांनी पत्र्याच्या डब्यासारखा दिसणारा चांदीचा डबा 1,000 डॉलरला विकायला ठेवला होता. डबा म्हणून तो पत्र्याच्या डब्यापेक्षा काहीही जास्त करत नाही. तिथे पैसे चांदीचे आणि नावाचे.

आता तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. तू निवडलेला यो-यो झटका दिला तरी हातात परत येणार नाही. त्यातली फट रुंद असते आणि दोऱ्याची पकड मुद्दाम ढिली ठेवलेली असते, नाहीतर दोऱ्यावरच्या करामती करताना तो मध्येच उसळून वर येईल. त्याला परत आणायला दोऱ्याची घडी फटीत सारावी लागते, तिला ‘बाईंड’ म्हणतात. तुला अजून ती येत नाही. म्हणजे सहा हजार देऊन तू पहिले काही आठवडे तळाशी लोंबणारा यो-यो हाताने गुंडाळत बसशील, आणि दाजींचं म्हणणं खरं होतं असं तुलाच वाटायला लागेल. तसं होऊ नये अशी माझी फार इच्छा आहे.

महाग ते सगळीकडे चांगलं असंही नाही. दोन हातांत दोन यो-यो घेऊन सतत फेकत राहायचा एक प्रकार आहे. जपानचा शिंजी साइतो त्यात कितीतरी वेळा जगज्जेता झाला. त्या प्रकारात वरच्या दर्जाचे खेळाडूही प्लॅस्टिकचेच यो-यो वापरतात, कारण तिथे यो-यो झटक्यासरशी परत यायला हवा आणि धातूचं जड अंग तिथे उपयोगाचं नाही.

म्हणून आत्ता काही शेकड्यांत मिळणारा प्लॅस्टिकचा बेअरिंगवाला यो-यो घे. दोन बेअरिंगं सोबत मिळणारा बघ, एक अरुंद, एक रुंद. अरुंद बसवलं की यो-यो झटक्याने परत येतो, रुंद बसवलं की बाईंड शिकायला लागतं. दोऱ्याची पाच-दहा बंडलं जास्त घे. झिजलेल्या दोऱ्याने खेळू नकोस, तो तुटला तर यो-यो कोणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही. दोरा तुझ्या बेंबीएवढा उंच ठेव. बेअरिंग बदलल्यावर दोन्ही अर्धे हाताने घट्ट होतील तेवढेच फिरव, जोर लावलास तर आटे जातील.

रुंद बेअरिंगवर बाईंड न चुकता बसायला लागली की मला व्हिडिओ पाठव. मग धातूचा घेऊ, आणि निम्मे पैसे मी घालीन. दाजींना हे पत्र वाचायला दे. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा