साडेचार तारे आणि सहा इंचांची फट

ती दांडी शेवटी बसवली. मला कुणी कळवलं नाही. आभार वगैरे तर सोडाच. सकाळच्या फेरीत मीच पाहिली. घसरगुंडीच्या वरच्या प्लॅटफॉर्मला जो कठडा आहे, त्याच्या खालच्या फटीत एक इंची पाइप आडवा वेल्ड केलाय. वेल्डिंगचा मळ घासलेला नाही, रंग तर नाहीच. पण वर-खाली आता अडीच-अडीच इंच उरतात. मी लेखी दिलं होतं, नेमकं तेवढंच. म्हणजे मी 'उगाच बोभाटा' करत नव्हतो, हे आता पाइपानेच सिद्ध केलं. माणसं करणार नाहीत.

बागेचं नाव घेत नाही, गावाचंही नाही. नूतनीकरण झालेली, नकाशावर साडेचार तारे मिळवलेली बाग आहे. माझी नात अडीच वर्षांची. मोठी मुलं मागून रेटत होती, म्हणून ती बाजूला कठड्यापाशी बसली. मी खाली उभा होतो, तिने मला पाहिलं आणि पाय फटीतून बाहेर सोडले. मग कंबर आली, मग पोट. मग ती थांबली. अंग बाहेर, डोकं आत, मान फटीत.

मी हाताच्या अंतरावर होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला. मी तिच्या कुल्ल्यांखाली दोन्ही तळवे लावून वजन उचलून धरलं. एक कॉलेजचा मुलगा वर चढला, त्याने तिचं डोकं तिरकं करून हळूच मागे ओढलं. हनुवटीखाली लाल रेघ उमटली, बाकी काही नाही. ती दोन मिनिटं रडली आणि पुन्हा घसरगुंडीकडे निघाली.

पण तिला धरून उभा होतो, तेव्हा ती फट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि आत काहीतरी लख्ख झालं. माझी नोकरी कारखान्यात, क्वालिटीत गेली. ड्रॉइंगवर फट असते तेव्हा ती कुणीतरी ठरवलेली असते, तिला माप असतं, सूट किती तेही लिहिलेलं असतं. ही फट कुणी ठरवलेली नव्हती. ती उरलेली होती. पाइप संपला, काम संपलं, बिल निघालं.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. सहा इंच. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सार्वजनिक क्रीडांगणांसाठी एक पुस्तिका काढली आहे, इंटरनेटवर फुकट मिळते. तिच्यात स्वच्छ लिहिलंय: साडेतीन ते नऊ इंचांच्या मधली फट धोक्याची. साडेतीनहून कमी असेल तर लहान मुलाचं अंगच आत जात नाही. नवाहून जास्त असेल तर अंगामागून डोकंही सुटतं. मधल्या मापात अंग जातं आणि डोकं अडकतं. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, हे कुठल्याही आजीला माहीत आहे. कंत्राटदाराला नव्हतं.

आता समोरच्यांचं वागणं. रखवालदार म्हणाला, "काका, पोरांना धरून बसायचं असतं." त्याला मी काही बोललो नाही, त्याचा पगार तेवढाच. पण बागेची व्यवस्था पाहणारे जे गृहस्थ आहेत, त्यांनी माझा कागद हातात न घेताच विचारलं, "आजोबा, तुमचं लक्ष कुठे होतं?" मी टेपचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "इतकी मुलं खेळतात, कुणाला काही झालं नाही." अपघात होईपर्यंत प्रत्येक जागेबद्दल हे वाक्य खरंच असतं. मग मी नकाशावर एक तारा दिला आणि माप लिहिलं. त्या संध्याकाळपासून सूर बदलला. "साहेब, आपल्याच भागाची बदनामी का करता?" पाठोपाठ पाच-पाच ताऱ्यांची रांग लागली. त्यांतल्या एकाच्याही फोटोत मूल नव्हतं. एक जण तर 'आय लव्ह' लिहिलेल्या लाल बदामापाशी स्वतःच उभा होता.

तर नातवंडं, मुलं घेऊन बागा पालथ्या घालणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो.

पहिली: तारे मोजू नका, तारे देणारा कोण ते वाचा. 'जॉगिंग ट्रॅक मस्त', 'पार्किंगची सोय', 'संध्याकाळी लाइटिंग छान'. हे सगळं मोठ्यांचं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, देखणं आहेच. पण ती शांतपणे चालत बघायची बाग. तीन वर्षांच्या मुलाला तिथे नेऊन 'पळू नको' म्हणत बसायचं असेल तर जा. मुंबईत मलबार हिलवर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट पाहून मुलं हरखतात. त्या टेकडीवरून दिसणारी चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह मात्र आपल्यासाठी. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली सुरू झालेली फुलराणी ही छोटी आगगाडी माझ्या मुलाने अनुभवली, आता नातवंडं अनुभवतात. रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. प्रत्येक बाग कशासाठी आहे हे आधी ठरवलं की निम्मी चिडचिड वाचते.

दुसरी: आधी जमीन बघा, मग खेळणं. मूल पडणारच. खाली काय आहे ते महत्त्वाचं. हिरवळ आणि दबलेली माती ही आपल्याला मऊ वाटते. ती पुस्तिका या दोन्हींना सुरक्षित धरतच नाही. वाळू चालते, पण नऊ इंच वाळूचा उपयोग साधारण चार फुटांवरून पडणाऱ्यापुरता, आणि तीही भुसभुशीत हवी. आमच्याकडे झोक्याखालची वाळू पायांनी सरकून तिथे कडक खड्डा झालेला असतो. रंगीत रबर दिसलं की पालक निर्धास्त होतात. टाच दाबून बघा. खाली काँक्रीट लगेच लागलं तर ते रबर फोटोपुरतं आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, ते वेगळंच.

तिसरी: खेळण्यांकडे मूल धावण्याआधी स्वतः एक फेरी मारा. फटी बघा. टेप नसेल तर आपल्या पंजाची रुंदी घरी एकदा मोजून ठेवा. झोक्याची साखळी जिथे अडकवतात तो एसच्या आकाराचा हूक बघा. त्याच्या तोंडात नाण्याची कड शिरत असेल तर तो उघडलाय, त्यात ओढणी, नाडी, फ्रॉकचा बंद अडकतो. गळ्यात दोरी, ओळखपत्राची फीत, स्कार्फ असं काहीही घालून मुलाला घसरगुंडीवर सोडू नका. झोक्याच्या पुढे आणि मागे, झोका ज्या दांडीला टांगलाय तिच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी हवी. आमच्या बागेत त्या जागेत बाक टाकलाय. देणगीदाराच्या नावासकट.

घसरगुंडी उन्हात असेल तर हाताची मागची बाजू टेकवून बघा. पत्रा तापतो हे ठाऊक असतं. प्लास्टिक आणि रबरही चटका देतात, हे एप्रिलमधल्या दुपारी चारला कळतं. आणि एक गोष्ट आमच्या घरी अजून पटत नाही: लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. त्याचा बूट कडेला अडकतो, आपलं वजन मात्र खाली जात राहतं आणि नडगीचं हाड मोडतं. प्रेमाने केलेल्या गोष्टीत हाड मोडण्याचा हा प्रकार बालरोगतज्ज्ञांना चांगला परिचित आहे. सूनबाईंचं म्हणणं मी अती करतो. असो.

चौथी: जुने टायर रंगवून पुरलेले दिसले तर आत डोकावा. खाली भोक पाडलेलं नसेल तर त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात. ओपन जिम मुलांच्या खेळण्यांना खेटून असेल तर जास्त सावध राहा. ती यंत्रं मोठ्यांच्या वजनाची, त्यांच्या सांध्यात लहान बोटं सहज जातात आणि मुलांना तीच सर्वांत आवडतात.

बाकी नेहमीचं: पाण्याची बाटली, टोपी, एक जादा चड्डी, हातरुमाल. बहुतेक बागा दुपारी बंद असतात, वेळ बघून निघा. शौचालय आहे का एवढं विचारू नका, उघडं आहे का आणि किल्ली कुणाकडे असते ते विचारा. मुलांवर लक्ष ठेवा. (हे मला सांगायला आता कुणी येऊ नये.)

मी दहापैकी गुण देतो: जमिनीला तीन, खेळण्यांच्या अवस्थेला तीन, पाणी-शौचालयाला दोन, सावलीला एक, आणि तक्रार नीट ऐकून घेणाऱ्याला एक. शेवटचा गुण आजवर कुठल्याच बागेला देता आलेला नाही. सावलीचा मात्र जुन्या बागा हमखास मिळवतात. वडा-चिंचांचं श्रेय कुणाला कोनशिलेवर घेता येत नाही, म्हणून ती झाडं टिकली असावीत.

तक्रार करायची असेल तर तोंडी करू नका. खेळण्याचं नाव, नेमकी जागा, माप, तारीख आणि टेप लावलेला फोटो, एवढं एका कागदावर लिहा आणि पोच घ्या. 'बाग धोकादायक आहे' असं लिहिलं तर उत्तर येतं 'दखल घेतली आहे'. 'फट सहा इंच, हवी साडेतीनहून कमी' असं लिहिलं तर उत्तर येत नाही, पण वेल्डर येतो. मूल कुणाचं, लक्ष कुणाचं, या चर्चेत शिरू नका. तिथे तुम्ही हरणारच, कारण समोरच्याला तुम्ही तिथेच हवे असता.

आमच्याकडे पाइपासोबत एक नवी पाटीही लागली: 'खेळताना अपघात झाल्यास उद्यान जबाबदार नाही.' तुमच्या बागेत अशी पाटी असेल तर तिचा फोटो जरूर काढा. मग चार पावलं मागे या आणि फाटकाजवळच्या संगमरवरी कोनशिलेचाही काढा. जबाबदार कोण ते तिथे हुद्द्यासकट, सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं. अर्जाला दोन्ही फोटो जोडा.