पहिल्या पावसाचे बेडूक कोठून येतात ?

मृगाची मोठी सर येऊन शिरूर कासारच्या शिवारांत डबकी साचली, की त्याच रात्री बेडकांचा घोष सुरू होतो. आदल्या दिवशी जेथे धूळ उडत होती, तेथे इतके बेडूक आले कोठून ? ते पावसाबरोबर आकाशातून पडतात, अशी कित्येकांची समजूत आहे. वाचकहो, ते सारा उन्हाळा आपल्या पायांखालीच होते.

ह्यांपैकी पुष्कळ बेडूक ज्या कुळातील आहेत, त्याचे शास्त्रीय नाव डायक्रोग्लॉसिडी, म्हणजे दुभागलेल्या जिभेचे. बेडकाची जीभ तोंडात पुढल्या बाजूस जडलेली असते. तिचे मोकळे टोक बाहेर फेकून तो किडा चिकटवून घेतो. हे कुळ आफ्रिकेपासून जपान व न्यू गिनीपर्यंत पसरले असून त्यात २०० हून अधिक जाती आहेत.

त्यांतील तीन प्रकार ओळखून ठेवावे. पहिला, वीतभर वाढणारा मोठा बेडूक. पावसाळ्यात ह्याचा नर पिवळाधमक होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगवितो. दुसरा, भ्यायला की पाण्याच्या पृष्ठावरून टुणटुण उड्या मारीत जाणारा. तिसरा, गोलमटोल; ह्याच्या मागल्या पायांवर फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो, व त्याने माती उकरीत तो पाठमोरा जमिनीत उतरतो. ओलावा संपला की तो तेथे निश्चल पडून राहतो, व त्वचेवाटे श्वास घेतो.

ही त्वचाच त्याचे मोठे बळ, आणि तीच त्याचा धोका. तिच्यातून हवा व पाणी आत जाते, तसे विषही जाते. कपाशीवर फवारलेले औषध डबक्यात उतरले, तर अंडी व डिंभक मरतात.

मोठ्या बेडकाच्या तंगड्या परदेशी खाण्यासाठी पाठविण्याचा व्यापार आपल्या देशात पुष्कळ वर्षे चालला. बेडूक घटले तर पिकांवरील किडी वाढतील, ही भीती पुढे आली, आणि १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. व्यापाऱ्याची टोपली गेली. आता रक्षण आपल्या हाती आहे.

म्हणून आमची शेतकरी बंधुभगिनींस विनंती, की बांधाकडेचे उथळ डबके निष्कारण बुजवू नये, व फवारणीचा पंप किंवा औषधाचे डबे त्यात धुऊ नयेत. काही आठवडे पाणी टिकले, तर त्यातून निघालेले बेडूक रात्रभर शेतात किडे टिपतील, आणि त्याची मजुरी मागणार नाहीत.