चाकावरची कमान

पावसाळ्यात सकाळी शाळेच्या फाटकाशी जरा वेळ उभे राहावे आणि सायकलीवरून येणाऱ्या मुलांच्या पाठी पाहाव्यात. कुणाचा सदरा घरून निघताना होता तसाच पांढरा असतो. कुणाच्या पाठीवर मात्र कमरेपासून थेट मानेपर्यंत चिखलाचा उभा पट्टा उमटलेला असतो. जणू कुणी मागून कुंचल्याने तो ओढला आहे. दोघेही एकाच रस्त्याने आणि एकाच पावसातून आलेले असतात. फरक असतो तो चाकावरच्या एका वाकवलेल्या पत्र्याचा. त्या पत्र्याला आपण मडगार्ड म्हणतो.

असा पट्टा एक संपूर्ण पावसाळा माझ्याही पाठीवर होता. ही गोष्ट १९८१ सालची. चिपळूणजवळच्या आमच्या खेड्यापासून शाळा पाच किलोमीटर दूर होती. वडिलांनी ओळखीच्या एका गृहस्थांकडून एक जुनी काळी सायकल विकत घेतली. सायकल भक्कम होती; पण तिची दोन्ही मडगार्डे गंजून गेली होती. बोट लावले की पत्र्याचा भुगा हाती येई. वडील मला म्हणाले, "नवी मडगार्डे तू पसंत करून आण. सायकल तुला चालवायची आहे." बारा वर्षांच्या मुलाला याहून मोठा मान तो कोणता?

दुकानात दोन तऱ्हेची मडगार्डे टांगलेली होती. एक जोडी काळी, रुंद आणि जाड पत्र्याची. आमच्या पोस्टमनच्या सायकलीला होती तशी. दुसरी चकचकीत, अरुंद आणि आखूड; सायकलीला शर्यतीच्या सायकलीची ऐट आणणारी. मी कोणती घेतली हे सांगायला नकोच. दुकानाच्या पायरीशी एक वृद्ध मिस्त्री सायकली दुरुस्त करीत बसत. सारा गाव त्यांना चाचा म्हणे. माझी मडगार्डे बसवून झाल्यावर ते एवढेच बोलले, "दिसायला छान आहेत, बाळ. पाऊस तर येऊ दे!"

पाऊस आला. पहिल्याच दिवशी माझ्या सदऱ्यावर तांबडा पट्टा उमटला. कोकणातील मातीचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे आलेला असतो. म्हणजे एका परीने तो गंजाचाच रंग. तो कापडाच्या धाग्यात शिरला की सहजासहजी निघत नाही. माझ्याजवळ शाळेचे दोनच सदरे होते. आई रोज रात्री सदरा घासून चुलीजवळ वाळत घाली, आणि रोज सकाळी पट्ट्याची पुसट खूण त्यावर तशीच असे. पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनासाठी मला पहिल्या रांगेत उभे राहायचे होते. गुरुजींनी माझ्या पाठीकडे पाहिले आणि काही न बोलता मला शेवटच्या रांगेत पाठवले. माझी धाकटी बहीण मैत्रिणीच्या सायकलीवर बसून माझ्या मागून येई. तिने तर एके दिवशी जाहीरच केले, "दादा, तू पुढे जा, पण आमच्यापासून दहा हात लांब राहा." माझ्या मागच्या चाकाचे पाणी तिच्या तोंडावर उडत असे.

त्या संध्याकाळी मी चाचांकडे गेलो. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, मागचे मडगार्ड काढून ठेवले आणि माझ्या हाती पाण्याचा तांब्या दिला. ते हाताने पायडल फिरवू लागले. मी फिरत्या टायरवर, अगदी तळाशी, पाण्याची धार सोडली. काही पाणी मागे जमिनीलगत फेकले गेले, काही सरळ वर उडाले, आणि काही चाकाच्या माथ्यावरून पुढे झेपावले. चाचा म्हणाले, "हे पाणी कुठे कुठे जाते ते आधी पाहा, आणि मग सांग, पत्रा कुठून कुठपर्यंत हवा?" हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. मात्र चाक फिरत असताना आऱ्यांजवळ बोटे नेऊ नका, आणि जुना सदरा घाला.

गोफण फिरवताना तुम्ही कुणाला पाहिले आहे काय? दगड डोक्याभोवती गरगर फिरत असतो. दोरीचे एक टोक सोडले की तो फिरत राहत नाही. सुटण्याच्या क्षणी तो ज्या दिशेने चाललेला असतो, त्याच दिशेने सरळ निघून जातो. भूमितीत वर्तुळाला अशी नुसती स्पर्श करून जाणारी जी रेषा असते, तिला स्पर्शिका म्हणतात. टायरला चिकटलेले पाण्याचे थेंब म्हणजे असे शेकडो लहान दगड होत. टायर जमीन सोडून नुकताच वर उचलला गेला की तेथून सुटलेला थेंब मागे, खालून जातो. तो मागून येणाऱ्याला लागतो. चाकाच्या अगदी मागच्या टोकाशी सुटलेला थेंब सरळ वर चढतो. त्याहून किंचित वर सुटलेला थेंब वर आणि थोडा पुढे उडतो आणि बसणाऱ्याच्या पाठीवर येऊन आदळतो.

हा थेंब किती उंच जातो, याचे गणित करता येते. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली असेल, तर सरळ वर सुटलेला थेंब, हवेचा अडथळा जमेस न धरता, सुमारे ९० सेंटिमीटर चढतो. जुन्या मोठ्या सायकलीच्या चाकाचा मध्य जमिनीपासून सुमारे ३५ सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे थेंब जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर पोहोचला! बैठक तर त्याच्याही खाली राहिली. वेग दुप्पट केला तर ही उंची चौपट होते. उतारावरून वेगाने आलेल्या मुलाच्या टोपीवरही चिखल का असतो, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

पुढच्या चाकाची तऱ्हा वेगळी. त्याच्या मागच्या बाजूने, तळाजवळून सुटलेले पाणी बरोबर आपल्या बुटांवर, पायडलवर आणि साखळीवर येते. साखळीत रेती शिरली की ती लवकर झिजते. म्हणून पुढच्या मडगार्डाचे मागचे टोक जितके खाली येईल तितके चांगले. जुन्या काळ्या सायकलींना तेथे रबराची एक पट्टी लोंबत असे. हौशी लोक तिच्यावर फूल किंवा नाव रंगवून घेत; पण ती नुसती शोभेची नव्हती. पुढच्या चाकाच्या माथ्यावरून सुटलेले थेंब मात्र आधी पुढे उडतात. वारा त्यांना अडवतो, आणि मागून येणारे आपले तोंड त्यांना गाठते.

माझ्या चकचकीत मडगार्डांचे कोठे चुकले, ते आता उघडच होते. माझा टायर दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद होता आणि मडगार्डही जवळजवळ तेवढेच. टायरच्या दोन्ही कडांनी पाणी मोकळे सुटत होते. चाचांचा हिशेब असा, की मडगार्ड टायरहून दोन्ही बाजूंना निदान पाच-सहा मिलिमीटर रुंद हवे. म्हणजे माझ्या टायरला ५० मिलिमीटरचे. शिवाय त्याच्या कडा आत वळलेल्या असाव्यात. आत जमलेले पाणी त्या वळणातून पन्हळीसारखे खाली वाहून जाते, आणि पत्र्याला ताठपणाही येतो. मागच्या मडगार्डाचे टोक चाकाच्या मध्याच्या खाली यावे, म्हणजे मागच्यांची तक्रार राहत नाही. पोस्टमनच्या सायकलीच्या त्या टोकावर पांढरा रंग होता. त्याचीही हकिकत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमध्ये रात्री रस्त्यांवरचे दिवे मालवीत. तेव्हा अंधारात सायकल दिसावी म्हणून मागच्या मडगार्डाचे टोक पांढरे रंगवलेले असे.

दिवाळीनंतर साठवलेल्या पैशांतून मी ती काळी, रुंद मडगार्डे आणली. ती मला कुरूप वाटत होती, हे मी चाचांना प्रामाणिकपणे सांगितले. ते हसले आणि मडगार्ड बसवू लागले. बसवताना ते पुन्हा पुन्हा करंगळी टायर आणि पत्रा यांच्यामध्ये घालून पाहत. माथ्यावर करंगळी शिरे, पण मागे अडकू लागली की ते नट सैल करीत, तार थोडी सरकवीत, पुन्हा पाहत. अर्धा तास हेच चालले. शेवटी चाकाभोवती सर्वत्र सारखी, करंगळीएवढी फट राहिली. मी चार पावले मागे जाऊन पाहिले. चाकाचे वर्तुळ आणि त्यावरची काळी कमान ही एकाच मध्याभोवती काढल्यासारखी दिसत होती. तीच मडगार्डे आता मला सुंदर वाटू लागली! वाकडे बसवलेले चांदीसारखे मडगार्डही ओबडधोबड दिसते, हे मी तेव्हापासून अनेक सायकलींवर पाहिले आहे.

मोठेपणी परदेशी सायकलींची चित्रे पाहताना मला चाचांची करंगळी आठवत असे. फ्रान्समध्ये १९४० नंतरच्या दोन दशकांत दूरच्या प्रवासाच्या सायकली घडवणारे कारागीर ॲल्युमिनियमची पातळ मडगार्डे अशीच एकसारखी फट ठेवून बसवीत. त्यांतील काहींच्या पृष्ठभागावर हातोडीच्या ठोक्यांसारखे बारीक खळगे असत. जपानमध्ये तशी मडगार्डे आजही बनतात. ते खळगे पाहून कुणाही मराठी माणसाला तांब्याची कळशी आठवावी. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत कारागीर भांड्यावर एकसारखे ठोके देऊन मठारकाम करतात. त्या ठोक्यांनी भांडे लखलखते. पण त्याच ठोक्यांनी तांबे कठीण होते आणि भांड्याला सहज पोचा येत नाही. पातळ मडगार्डालाही ते खळगे तसाच ताठपणा देतात.

माझी मडगार्डे चांगली होती. मी मात्र हयगय केली. १९८२ च्या जुलैत पुढच्या मडगार्डाच्या तारेचा नट सैल झाला. पत्रा खडखड वाजू लागला. आज आवळू, उद्या आवळू, असे करता करता आठवडा गेला. एका सकाळी टायरने रस्त्यावरची एक काटकी उचलली आणि ती टायर व पत्रा यांच्यामध्ये शिरली. सैल पत्रा दुमडून वर चिमट्यात, म्हणजे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसते तेथे, जाऊन अडकला. चाक जागच्या जागी थांबले. मी मात्र थांबलो नाही. हँडलवरून पुढे फेकला गेलो आणि डावे मनगट मोडले. त्या वर्षी ध्वजवंदनाला मी पहिल्या रांगेत होतो. सदरा स्वच्छ होता; कारण हाताला प्लास्टर असल्याने मी शाळेत पायी आलो होतो.

एवढे शिकूनही माझे एक शिकणे राहिलेच होते. १९८४ च्या पावसाळ्यात मी वर्धा जिल्ह्यात मामांच्या गावी गेलो. मामांच्या सायकलीला पुढचे मडगार्ड नव्हते. मी त्यांना चाचांचे सारे शास्त्र ऐकवले. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेजाऱ्यांची मडगार्डे असलेली सायकल मला शेतावर न्यायला दिली. तेथील काळी, चिकण माती टायरला थरावर थर चिकटते. दोनशे पावले जातो न जातो तोच करंगळीएवढी फट मातीने गच्च भरली आणि चाक फिरेना. काटकीने माती उकरावी, दहा पावले जावे, पुन्हा उकरावी! शेवटी सायकल खांद्यावर घेऊन मी परतलो. मामा ओट्यावर उभे होते. म्हणाले, "काय, आज सायकल तुझ्यावर बसली वाटते!" त्या मातीत फट दोन-तीन बोटांची हवी, नाहीतर ओल्या दिवसांत मडगार्ड खुंटीवर टांगलेले बरे.

पत्रा कशाचा असावा, याबद्दल फार लिहीत नाही. लोखंडी पत्रा जड असतो, पण वाकला तर ठोकून सरळ करता येतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याला रंगाची काळजी घ्यावी लागते. ॲल्युमिनियम हलके असते, पण हादऱ्यांनी नटांच्या भोकांपाशी तडकते. प्लास्टिक गंजत नाही आणि स्वस्त पडते. बरीच वर्षे उन्हात राहिले तर ठिसूळ होते.

गेल्या जूनमध्ये माझ्या भाचीला नवी, गिअरची सायकल मिळाली. आजच्या पुष्कळ सायकलींप्रमाणे तिलाही मडगार्डे नव्हती. भाचीला आधी बैठकीखाली अडकवायची आखूड, टोकदार पट्टी हवी होती. मी तिच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. पाणी कुठे जाते ते तिने पाहिले, आणि टायरच्या कडेवर छापलेली रुंदी वहीत लिहून घेतली. मग आम्ही दुकानात गेलो. तिने लांब, निळी, प्लास्टिकची जोडी निवडली. पुढच्या मडगार्डाच्या तारा ज्या चापांत बसतात, ते चाप काटकी अडकून जोराचा ताण आला की आपोआप सुटतात, असे दुकानदाराने दाखवले. मी ते दोनदा सोडवून पाहिले. १९८२ साली असे चाप आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हते.

घरी अंगणात बसून आम्ही ती बसवली. भाचीने करंगळी फिरवून फट पाहिली आणि चाकाला झटका दिला. चाक फिरले; पण प्रत्येक फेऱ्यात एकदा "घस्" असा आवाज येई.

"मामा, डावीकडे घासतंय," ती म्हणाली.

तिने नट सैल केला, तारेखाली एक वायसर सरकवला आणि पाना फिरवून नट आवळला. पुन्हा चाक फिरवले. या वेळी केवळ आऱ्यांचा वारा ऐकू आला.